ठोकळ्याची चावी

सुजाता,

आधी माझा मूर्खपणा सांगते. तो तुला पाठ आहे, तूच तो तुझ्या बरोबरच्या पोरींना नकला करून सांगायचीस. आज माझ्या तोंडून ऐक, म्हणजे तुला मध्येच टोकता येणार नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी, गणपतीच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी तू माझ्या दाराची कडी वाजवलीस. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं, खाकी दिसली, आणि आतून खणखणीत आवाजात ओरडले, "घरात कोणी नाही!"

आता सांग, घरात कोणी नाही तर हे बोललं कोण? पण त्या वेळच्या मला असले प्रश्न पडत नसत. पंचेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, नवऱ्यामागं मोदकांच्या ऑर्डरी घेऊन घर चालवणारी बाई, आणि अक्कल एवढी. त्या दिवशी घरात तीन सिलिंडर होते. एक माझा, दोन शेजारणींकडून मागून आणलेले. घरगुती सिलिंडरवर धंदा करते म्हणून धरायला आलीस, असंच वाटलं मला. दोन सिलिंडर मोरीत ढकलले, वर गोधडी टाकली, आणि गोधडीवर साबणाची वडी आणि तांब्या ठेवला. का, तर ते नेहमीचं वाटावं म्हणून! मोरीत गोधडी घालून वर साबण ठेवणारं घर पोलिसांनी कधी पाहिलंच नसेल, हे डोक्यात आलं नाही.

मग तुझा आवाज आला, अगदी पडलेला. "काकू, घरात कोणी नसेल तर राहू दे. पण असेल तर संडासची चावी द्या ना. पहाटेपासून मंडपाच्या पॉइंटवर उभी आहे."

आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. तीन-तीन घरांत एक, आणि गणपतीत दर्शनाची गर्दी वर चढते म्हणून कुलूपबंद. चावी माझ्या दाराआडच्या खिळ्याला. तिला सुताराकडून आणलेला सागवानी ठोकळा बांधलेला, चांगला वीतभर, म्हणजे कोणी विसरून खिशात घालून नेणार नाही. मी दार उघडलं. बावीस वर्षांची पोर, टोपी हातात, ओठ सुकून पांढरे पडलेले. ठोकळा घेऊन तू धावलीस. परत दिलास तेव्हा एकदा आत नजर टाकलीस आणि म्हणालीस, "काकू, गोधडी एका बाजूनं सरकलीय. नीट घाला." आणि जिना उतरून गेलीस.

त्या दिवशीच्या मोदकांना एकही कळी धड पडली नाही माझ्या हातून.

तुला जाऊन आज तेरा दिवस झाले. लोक तुझ्याविषयी चांगलं बोलतायत, हवालदार म्हणून किती वर्षं नोकरी, कुठं कुठं बंदोबस्त, ते सगळं. ते त्यांना बोलू दे. मला तुझ्याशी भांडायचं आहे, कारण आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं.

चावी नेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तू दोघींना घेऊन आलीस, आणखी दोन दिवसांनी पाच जणी. चाळीचे सेक्रेटरी वर आले. "वहिनी, हा काय सार्वजनिक संडास आहे?" मी म्हटलं, "तुमच्या लेकीला बारा तास रस्त्यावर उभं करा, मग येऊन विचारा." ते जिना उतरले. नंतर त्यांचीच बायको माझी हंडी भरून द्यायला लागली.

हंडी कशासाठी, ते आठवतंय ना? मी त्या पांढऱ्या ओठांकडे बघून तुला विचारलं होतं, "पाणी का पीत नाहीस गो?" तू साडीला फॉल लावण्याविषयी बोलावं तशी बोललीस. "पाणी प्यायलं की जावं लागतं, काकू. गेलं की पॉइंट सुटतो. पॉइंट सुटला की साहेब विचारणार. त्यापेक्षा पाणीच नको. आम्ही सगळ्याजणी असंच करतो." फिरत्या संडासाची गाडी यायची तुमच्यासाठी, पण ती उभी पुलाच्या पलीकडं, आणि तिच्यात पाणी नसायचं, हेही तूच सांगितलंस. हसत.

तेव्हा मी कायदा केला. आधी दोन पेले पाणी, मग चावी. साहेबीण असो नाही तर नवी शिपाई, माझ्या उंबऱ्याशी सगळ्या सारख्या. उभ्यानं नाही, बसून, मला पेला रिकामा दाखवून प्यायचं. तू म्हणायचीस, "आमच्याकडं आरोपीवरसुद्धा एवढी नजर ठेवत नाहीत."

आणि आरोपी तूच होतीस. गॅलरीत डब्यात माझी तुळस होती. श्रावणात लावलेली, हिरवीगार. त्या वर्षी विसर्जनाच्या आत कुजली. मला वाटलं, कोणाची तरी नजर लागली. मीठमोहऱ्या ओवाळल्या मी तुळशीवरून! मग एका दुपारी दाराआडून पाहिलं, तर तू एक पेला प्यायलीस आणि दुसरा शांतपणे तुळशीत ओतलास. "अगं ए हवालदारीण!" मी ओरडले. तेव्हा तू साधी शिपाई होतीस, पण दचकून सलाम ठोकलास. तुळशीला की मला, ते कधी कळलं नाही.

पुढच्या वर्षीपासून तुळस आत, पाटावर.

मग तू फक्त गणपतीतली राहिली नाहीस. आरोपीला घेऊन भोईवाड्याच्या कोर्टात आलीस की काम संपल्यावर येऊन टेकायचीस. लग्न ठरलं तेव्हा आलीस, प्रज्ञा पोटात होती तेव्हा आलीस. तुझा नवरा प्रज्ञा चार वर्षांची असताना दुसरीकडं घर करून निघून गेला, तेव्हा आठवडाभरानं आलीस आणि माझ्यासोबत नारळ खवत बसलीस. सहा नारळ खवलेस. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. जाताना म्हणालीस, "अँटॉप हिलला क्वार्टर मिळतंय. पोरीला शाळा जवळ पडेल." एवढंच. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता, आणि तसं मी कधी म्हटलं नाही. आता म्हणते.

वर्षातनं एकदा तुमची तब्येत तपासायचे. तू हजेरीला सगळ्या पोरींना बजावायचीस, "तपासणी चुकवायची नाही, रक्त द्यायचं, सोनोग्राफी लिहून दिली तर करायची." एकीचा बीपी तुझ्यामुळं वेळेत कळला, ती मला येऊन सांगून गेली. आणि तुझी सोनोग्राफीची चिठ्ठी? ती तुझ्या पर्समध्ये दोन वर्षं होती. तिसऱ्या वर्षी मी ती तुझ्या पर्समधून काढली. हो, पोलिसाच्या पर्समध्ये हात घातला मी, लाव कलम. तुझ्याबरोबर रिक्षात बसून गेले तेव्हा कळलं, मूत्रपिंडात खडा आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज तीन लिटर पाणी प्या, बऱ्याचदा निघून जातो." बाहेर आल्यावर तू जिन्यात इतकी हसलीस की वॉचमन वर बघायला लागला. "तीन लिटर! काकू, पॉइंटवर तीन लिटर!"

मीसुद्धा हसले. त्याची लाज वाटते आता.

आणि मग तो कागद.

तुझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या पोरीला तू पहिल्या महिन्यात फंडाच्या आणि विम्याच्या कागदावर वारसाचं नाव घालायला बसवायचीस. माझ्याच घरात, मोदकाच्या पाटावर कागद ठेवून दोघींनी भरले आहेत. एक रडायला लागली, "मॅडम, आत्ताच नोकरी लागलीय आणि मरणाचं काय लिहायचं?" तू म्हणालीस, "तुझ्या मरणाचं नाही गं, तुझ्या आईच्या जगण्याचं लिहितोय." मी चुलीपाशी होते. पदरानं डोळे पुसले आणि धुराचं निमित्त केलं. गॅसच्या शेगडीला कसला आलाय धूर!

म्हणून मी त्याच संध्याकाळी विचारलं, "आणि तुझ्या कागदावर कोणाचं नाव आहे?" तू कागद गोळा करत राहिलीस. मी दोनदा विचारलं. तेव्हा म्हणालीस, "त्याचंच आहे. लग्नात घातलेलं."

मी तुला माझी गोष्ट सांगितली होती. आमचे हे गिरणीत होते. एकदा फंडाचा कागद घरी घेऊन आले, म्हणाले, "आईच्या जागी तुझं नाव घालायचं आहे, सही कर." कागदावर 'मृत्यू झाल्यास' असं छापलेलं. तिशीतली मी, त्या दोन शब्दांनी अशी भडकले! सणासुदीचं घरात अभद्र आणता म्हणून त्यांना बोलले, आणि दोष जावा म्हणून तो कागद गणपतीच्या पाटाखाली सरकवला. विसर्जनाच्या दिवशी निर्माल्य गोळा केलं, त्यात तो गेला दादरच्या चौपाटीवर. गणपतीबाप्पानं काय केलं त्याचं, कोण जाणे. सासूबाई गेल्या, मग हे गेले, आणि कागदावर नाव कोणाचं, तर वारलेल्या सासूबाईंचं. तीन वर्षं मी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर हिंडले, 'मी या माणसाची बायको' हे सिद्ध करत. मोदकांचा धंदा तिथून सुरू झाला. तीन सिलिंडरही तिथूनच.

तू हसलीस. "काकू, कागद समुद्रात सोडणाऱ्या तुम्ही एकट्याच." मग गंभीर झालीस. "मी खोडलं ना त्याचं नाव, तर तो खरंच गेला असं होईल. आत्ता निदान एका ठिकाणी तो आहे."

तरी मी बोलले. बारा वर्षं बोलत राहिले. तू कोर्टावरून आलीस की पहिला प्रश्न, "कागद केलास?" तुझी उत्तरं ठरलेली. ईद होऊ दे, निवडणूक होऊ दे, बंदोबस्त संपू दे. मुंबईत बंदोबस्त कधी संपला आहे, सुजाता? आणि प्रज्ञा मोठी होत होती. उद्या तुझं काही झालं तर तिच्या कॉलेजचं, तिच्या डोक्यावरच्या छपराचं सगळं त्या माणसाच्या हातात, ज्यानं तिला पंधरा वर्षांत एक फोन केला नाही. हे तुला कळत नव्हतं असं नाही. तू दुसऱ्यांना शिकवायचीस ते.

या वर्षी पाचव्या दिवशी दुपारी चारला तू वर आलीस. चेहरा उतरलेला, कमरेत वाकून चालत होतीस. मी विचारलं, "दुखतंय?" म्हणालीस, "उभं राहून." मी पाण्याचे पेले भरले. आणि सवयीनं विचारलं, "कागद केलास?"

"गणपती जाऊ दे, काकू."

मला काय झालं कोणास ठाऊक. सत्तरीच्या बाईनं असं करू नये. मी खिळ्यावरची चावी काढली, ठोकळा पदरात घेतला आणि म्हटलं, "आजपासून नवा कायदा. आधी कागद, मग चावी. तोवर माझ्या दारात येऊ नकोस."

मला वाटलं तू हसशील, हात पुढं करशील, ओढाओढ करशील. आपली तशीच रीत होती. तू टोपी घातलीस. "बरं," म्हणालीस. पेले तसेच राहिले. तू जिना उतरलीस, एकेक पायरी, कठड्याला धरून.

मी हाक मारली नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी घाबरून दार लावलं होतं. या वेळी शहाणपणानं लावलं. त्यातला मोठा मूर्खपणा कोणता, ते तूच सांग.

पुढचे पाच दिवस दार सताड उघडं ठेवलं. तुझ्या पोरी येत होत्या, पाणी पिऊन चावी नेत होत्या. मी त्यातल्या एकीला विचारलं, "मॅडम कुठं आहेत?" म्हणाली, "खालीच आहेत. वर येत नाही म्हणाल्या." मी तिच्या हाती पाण्याची बाटली पाठवली. बाटली रिकामी परत आली. तू प्यायलीस की एखाद्या पोरीला पाजलीस, हे मला कधीच कळणार नाही. माझ्या तुळशीला विचारावं, तर ती घरात. मंडप तीन जिने आणि एक गल्ली एवढ्यावर होता. गुडघे दुखतात म्हणून मी उतरले नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. गुडघे दुखतात हे खरं आहे. पण आधी तू वर यावंस, असं मला वाटत होतं, हे त्याहून खरं आहे.

अनंत चतुर्दशीला तू अंगात ताप घेऊन रस्त्यावर होतीस. दुसऱ्या दिवशी घरी पडलीस, तिसऱ्या दिवशी हॉस्पिटल. खडा अडकला होता, मागं पू झाला, विष रक्तात भिनलं. सहाव्या दिवशी प्रज्ञाचा फोन आला. पोर फोनवर म्हणाली, "आजी, आई गेली."

तू गेल्यावर सातव्या दिवशी तुमच्या क्वार्टरच्या खालच्या हॉलमध्ये तुझं जलदान होतं. तुमच्यातला हा विधी मी पहिल्यांदा पाहिला. भन्तेजी बोलत होते, वंदना चालली होती, आणि मग ताटात भांडं ठेवून त्यात पाणी ओतायला लागले. ते भरलं, काठोकाठ आलं, आणि बाहेर वाहायला लागलं तरी ओतत राहिले. सगळ्यांनी हात जोडलेले. मी मागच्या रांगेत बसून त्या वाहत्या पाण्याकडं बघत होते. मला मोठ्यांदा ओरडावंसं वाटलं, तुळशीत ओतू नकोस, पी! शेजारच्या बाईनं माझा हात धरला. खाकीतल्या पंधरा-वीस पोरी होत्या. त्यातली एक उठून पाण्याच्या बाटल्या सगळ्यांच्या हातात देत फिरत होती. माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "आजी, रिकामी करून दाखवा."

तू शिकवलंस ते त्यांना. मला तर वाटायचं मी शिकवलं.

काल दुपारी प्रज्ञा आली. सकाळपासून तुझ्या ऑफिसात बसून आली होती. हातात खाकी लिफाफा. मी तिला बसू दिलं नाही, दारातच विचारलं, कारण बारा दिवस माझ्या पोटात तेवढंच होतं. "कोणाचं नाव आहे?"

"माझं," ती म्हणाली.

मी पाटावर बसले. ती सांगत होती, त्या क्लार्कबाईंनी रजिस्टर काढून दाखवलं. पाचव्या दिवशीच तू पॉइंटवर बदली शिपाई उभी केलीस आणि ऑफिस बंद व्हायच्या आत पोहोचलीस. वारसाचा कागद भरलास, नवऱ्याला वगळायचा अर्जही दिलास, आणि पोच घेतलीस. क्लार्कबाई म्हणाल्या, "मॅडम घाईत होत्या. पॉइंटजवळच्या चाळीतल्या म्हातारीनं चावी अडवून ठेवलीय म्हणाल्या." पोच लिफाफ्यात होती. मागच्या बाजूला तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'काकूंना दाखवणे.'

मग दाखवलंस का नाही, सुजाता? पाच दिवस होते. विसर्जनानंतर यायचं ठरवलं होतंस? मला तेवढे दिवस उघड्या दारात तंगवायचं होतं? तू तशी होतीस. मीच तशी असते. म्हणूनच आपलं जमलं. कागद झाला, हे भांडण मी जिंकले. पाणी राहिलं, ते हरले. आणि तू त्या दिवशी माझ्याकडून जी न पिता, न जाता उतरलीस, त्यानं किती बिघडलं, हे कोणी डॉक्टर मला सांगणार नाही. मी विचारणारही नाही. ते माझ्यापाशी राहू दे.

मी प्रज्ञाला सगळं सांगितलं. चावी कशी पदरात धरली, तू कशी उतरलीस, सगळं. ती ऐकत होती. तिच्या हनुवटीला अगदी तुझी खळी आहे, त्या खळीकडं बघून मी बोलत होते. बोलून झाल्यावर मला रडू आवरेना. बारा दिवसांत पहिल्यांदा. वाटलं, ही पोर आता उठेल, लिफाफा घेईल आणि जिना उतरेल, एकेक पायरी, कठड्याला धरून. तिला तसा हक्क होता.

ती उठली. दाराआडच्या खिळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "आजी, रडा नंतर. सकाळपासून त्या ऑफिसात बसून आलेय, काही प्यायले नाही, कुठं गेले नाही. आधी दोन पेले पाणी द्या, आणि मग ती चावी द्या."